कॅरिबियनच्या शांत बेटांवर राहायची जागा कशी निवडायची: आधी बोट, मग वारा, मग रूम

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, मुलगा आणि चिपळूणहून आलेली माझी आई, अमेरिकेतल्या एडिसनहून सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्सला गेलो होतो. ९ रात्री, ४ बेटं. दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या, पहाटे जेट्टीवर जाऊन उभं राहायचं, आणि बेक्वेवर जे घर घेतलं होतं ते फोटोत इतकं सुंदर की बाकी काही बघितलंच नाही. डोंगरावर, वाऱ्याच्या तोंडावर, रस्त्यापासून वर ८० पायऱ्या. आईचे गुडघे दुखतात. दुसऱ्या दिवसानंतर ती खाली उतरलीच नाही, समोर समुद्र दिसतोय पण पाय बुडवता येत नाहीत अशी ती व्हरांड्यात बसून होती आणि मला ते अजून लागून राहिलंय. म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला परत घेऊन गेलो, या वेळी पुण्याहून बहीणही आली, आणि सगळं उलट क्रमाने ठरवलं. तो क्रम इथे लिहितेय. आपली बरीच मंडळी आता बहामाज, कॅनकून झाल्यावर "काहीतरी शांत हवं" म्हणून या बाजूला बघायला लागलीत, त्यांना उपयोगी पडेल.

१. साखळी एकच निवडा, आणि बेटं मोजू नका, रात्री मोजा

कॅरिबियन म्हणजे एक जागा नाही. क्युबापासून त्रिनिदादपर्यंत पसरलेला समुद्र आहे, एका सुट्टीत एकच कोपरा होतो. शांतता हवी असेल आणि एका बेटावरून दुसऱ्यावर बोटीने जायची मजा घ्यायची असेल तर माझं मत ग्रेनेडीन्सला. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा या दोन मोठ्या बेटांच्या मधे लहान लहान बेटांची ओळ आहे, बऱ्याचदा एका बेटावरून पुढचं दिसतं. यातली बरीचशी सेंट व्हिन्सेंटच्या देशात येतात, पण दक्षिणेचं कॅरियाकू आणि पेटीट मार्टिनीक ही ग्रेनेडाची. म्हणजे मधे देशाची सीमा आहे, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा घोळ सांगते.

कुठलं बेट कोणासाठी, थोडक्यात माझ्या डोक्यातलं:

बेक्वे (स्पेलिंग बघून बेक्विया वाचाल, तिथे बेक्वेच म्हणतात) हे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी. जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं बेट, पण दुकानं, एटीएम, भाजी, क्लिनिक सगळं आहे आणि किंग्जटाउनहून (सेंट व्हिन्सेंटची राजधानी) फेरीने तासाभरात पोचता. म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर डोळे झाकून हेच.

युनियन आयलंड आणि मायरो अजून शांत, टोबॅगो केज या वस्ती नसलेल्या चिमुकल्या बेटांच्या अगदी जवळ. मायरो तर इतकं छोटं की एक गाव, एक टेकडी आणि सॉल्ट व्हिसल बे. पण १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं ते थेट कॅरियाकू, पेटीट मार्टिनीक, युनियन आणि मायरोवरून गेलं. युनियनवर जवळजवळ सगळ्याच घरांना मार बसला. त्यामुळे या बेटांवरच्या जागेचे जुलै २०२४ च्या आधीचे फोटो आणि रिव्ह्यू धरूच नका. मालकाला सरळ विचारा, छप्पर नवीन झालं का, या महिन्यातला फोटो पाठवाल का. तिथली माणसं खरं सांगतात, आणि जागा तयार असेल तर जरूर जा, त्यांना आपल्या येण्याची गरज आहे.

मस्टिक, कॅनवान, पाम आयलंड, पेटीट सेंट व्हिन्सेंट ही श्रीमंतांची बेटं. पेटीट सेंट व्हिन्सेंटला कॉटेजमधे फोन नाही, काही हवं असेल तर पिवळा झेंडा वर करायचा आणि कोणी येऊ नये असं वाटलं तर लाल. ऐकायला फार छान आहे, आपल्या बजेटमधलं नाही म्हणून पुढे जाते.

कॅरियाकू मला मनापासून आवडतं, पॅराडाइज बीच, टायरेल बे, विंडवर्ड गावात अजून हाताने लाकडी होड्या बांधतात. पण तिथे जायचं तर ग्रेनेडाकडून जा, सेंट जॉर्जेसहून फेरी आहे, साधारण दोन तास. वाटेत किक एम जेनी नावाचा समुद्राखालचा ज्वालामुखी आहे, त्या पट्ट्यात बोट चांगलीच हलते. आवळा सुपारी जवळ ठेवा.

आणि नियम एकच: एका बेटावर कमीत कमी ३ रात्री, शक्यतो ४. बदलीचा दिवस हा सुट्टीचा दिवस धरायचाच नाही, तो जातोच. ९ ते १० रात्रींत दोन बेटं पुरतात. टोबॅगो केजवर राहायची सोय नाही, तिकडे दिवसभराच्या बोटीने जाऊन येता येतं, कासवं दिसतात पाण्यात, त्यासाठी मुक्काम हलवायची गरज नाही.

२. पासपोर्टचं गणित रूमच्या आधी

सेंट व्हिन्सेंट, ग्रेनेडा आणि बार्बाडोस या तिन्ही देशांना भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या फिरण्यासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. नियम बदलतात, तिकीट काढायच्या आठवड्यात परत बघा. पण लोक अडकतात ते तिथे नाही, वाटेत अडकतात.

भारतातून येणाऱ्यांनी बघा: अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे येत असाल तर यूकेच्या ट्रान्झिट व्हिसाचं बघावं लागतं, आणि हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असेल तर तुम्हाला बॅगा घेऊन इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं, ते वेगळंच प्रकरण आहे. बहिणीचं पहिलं तिकीट स्वस्त म्हणून असंच काढलं होतं, नशिबाने वेळेत लक्षात आलं आणि एकाच एअरपोर्टवरून बदल असलेलं घेतलं. दुसरं म्हणजे त्रिनिदादला राहून मग ६ दिवसांच्या आत भारतात परत जाणार असाल तर यलो फीव्हरच्या लशीचं सर्टिफिकेट लागतं, लस निदान १० दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर क्वारंटाइन करतात.

अमेरिकेत एच-वन-बी वर (नोकरीच्या व्हिसावर) असणाऱ्यांनो, तुमच्यासाठी खास. पासपोर्टमधलं व्हिसाचं स्टॅम्पिंग संपलंय, पण आय-९४ (अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद) चालू आहे, आणि मित्र सांगतो की ३० दिवसांच्या आत आलं तर चालतं. ते कॅनडा आणि मेक्सिकोपुरतं आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती सवलत एफ आणि जे (विद्यार्थी आणि एक्सचेंज) व्हिसावाल्यांना आहे, एच वाल्यांना नाही. स्टॅम्पिंग संपलं असेल तर ही ट्रिप करू नका, परत येता येणार नाही.

३. बोटींचं वेळापत्रक समोर ठेवून मगच रूम शोधा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळे उलटं करतात, मी पण केलं. आधी घर आवडतं, ते बुक होतं, मग कळतं की त्या दिवशी पुढच्या बेटाची बोटच नाही.

किंग्जटाउन ते बेक्वे फेऱ्या भरपूर असतात, पण रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी कमी. त्याच्या पुढे, म्हणजे कॅनवान, मायरो, युनियनकडे, बोटी रोज असतीलच असं नाही. म्हणून एक कागद घ्या, तारखा आडव्या लिहा, कुठल्या दिवशी कुठली बोट आहे ते भरा, आणि मग कुठे किती रात्री ते आपोआप ठरतं. वेळापत्रक ऑनलाइन दिसतं ते जुनं असू शकतं, ज्या जागेत राहणार आहात त्या मालकाला व्हॉट्सॅपवर विचारा, त्यांना तोंडपाठ असतं.

आता विमान. अर्गाइल एअरपोर्टला (हा मोठा एअरपोर्ट २०१७ मध्ये सुरू झाला) विमान दुपारी उशिरा उतरत असेल तर त्याच दिवशी बेक्वे गाठायचा हट्ट करू नका. इमिग्रेशन, बॅगा, मग टॅक्सीने अर्धा तास किंग्जटाउन, तोवर शेवटची फेरी गेली की संपलं. पहिली रात्र सेंट व्हिन्सेंटलाच व्हिला किंवा इंडियन बे भागात काढा, एअरपोर्ट आणि फेरी दोन्हीच्या मधे आहे, साधी गेस्टहाउस मिळतात. परतताना तर नक्कीच, शेवटची रात्र एअरपोर्ट असलेल्या बेटावर. समुद्र खवळला की फेरी रद्द होते आणि न्यूयॉर्कचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

लहान विमानाने जाणार असाल, बार्बाडोसहून बेक्वेला तशी असतात, तर बॅगेचं वजन आधी विचारा. मऊ डफल बॅग घ्या, मोठी कडक सूटकेस मागे राहू शकते.

आणि ती सीमा: युनियनहून कॅरियाकूला जाताना एका देशातून बाहेर पडल्याचा शिक्का आणि दुसऱ्यात आल्याचा शिक्का, दोन्ही घ्यावे लागतात. लहान बोटवाला "चला सोडतो" म्हणाला तरी शिक्के कुठे आणि कधी मारणार हे विचारल्याशिवाय बसू नका.

४. वारा कुठून येतो ते बघा

शाळेत भूगोलात व्यापारी वारे शिकलो होतो ना, ते इथे खरे भेटतात. वर्षभर साधारण पूर्वेकडून वारा. त्यामुळे प्रत्येक बेटाला दोन बाजू, पूर्वेची वाऱ्याच्या तोंडची आणि पश्चिमेची आडोशाची. फोटोत दोन्ही निळ्याच दिसतात. राहायला जमीन-अस्मानाचा फरक.

वाऱ्याची बाजू: थंड, डास कमी, एसी लागत नाही. पण लाटा जोरात, पोहायला सगळीकडे सुरक्षित नाही, मिठाने सगळं चिकट होतं, आणि ख्रिसमस ते जानेवारीअखेर वारा अजून वाढतो, त्याला तिथे ख्रिसमस विंड्सच म्हणतात. आमच्या त्या घरात रात्रभर दारं आपटत होती, मुलगा घाबरून आमच्यात येऊन झोपायचा. शिवाय २०११ पासून सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ अटलांटिकमधून वाहत येतं, ते याच बाजूला साचतं, सडलं की सडक्या अंड्यांचा वास. उन्हाळ्याकडे जास्त, पण वर्ष सारखं नसतं.

आडोशाची बाजू: पाणी तळ्यासारखं, मुलं आणि म्हातारी माणसं आरामात उतरतात, सूर्यास्त समोर. पण गरम होतं, आणि पहाटे आणि तिन्हीसांजेला बारीक वाळूमाश्या चावतात, दिसत पण नाहीत. मच्छरदाणी आणि पंखा असलाच पाहिजे. हिवाळ्यात कधीकधी उत्तरेकडून मोठ्या लाटा या बाजूलाही येतात, एक-दोन दिवस टिकतात, तेव्हा पाण्यात जाऊ नका.

बेक्वेचं सांगायचं तर पोर्ट एलिझाबेथ, बेलमाँट, प्रिन्सेस मार्गारेट बीच, लोअर बे ही आडोशाची. स्प्रिंग, इंडस्ट्री बे, होप ही वाऱ्याची. फ्रेंडशिप बे दक्षिणेला, मधलं. दुसऱ्या वेळी आम्ही लोअर बेला घेतलं, तळमजला, दारातून वाळू. आई सकाळी सहाला उठून एकटी पाण्यात जाऊन उभी राहायची.

प्रिन्सेस मार्गारेट बीच सुंदर आहे, पण अॅडमिरल्टी बेमध्ये क्रूझची बोट लागली की दुपारभर भरतो. बंदरात कुठल्या दिवशी क्रूझ आहे याच्या याद्या ऑनलाइन असतात, त्या दिवशी दुसरीकडे जायचं.

५. पायऱ्या मोजा

ही बेटं म्हणजे समुद्रातून वर आलेले डोंगर. "बीचपासून ५ मिनिटं" म्हणजे खाली उतरताना ५, चढताना भर उन्हात २०. सॅटेलाइट मॅपवर तिरकं करून बघा, रस्ता नागमोडी दिसला की चढ समजा. आणि मालकाला एकच प्रश्न आकड्यात विचारा, गाडी थांबते तिथपासून पलंगापर्यंत किती पायऱ्या.

६. किचन हवंच, विशेषतः शाकाहारी असाल तर

बाहेर सगळीकडे मासे, चिकन, लॉबस्टर. शाकाहारी मिळतं, रास्ताफारी पंथाच्या लोकांचं इटाल नावाचं बिनमांसाचं जेवण चविष्ट असतं, रोटी म्हणून जे मिळतं ते म्हणजे करी भरून गुंडाळलेली पोळी, बटाटा-चण्याची मागा. ती आपल्याच लोकांनी तिकडे नेली, सेंट व्हिन्सेंटला १८६१ पासून भारतातून मजूर आले होते, त्यांची आठवण म्हणून १ जूनला तिथे इंडियन अरायव्हल डे असतो. पण रोज तीन वेळा हॉटेलात खाणं महाग पडतं, टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज वर वेगळा, त्यामुळे किचन असलेलं अपार्टमेंट घ्या.

आणि कोकणातल्या माणसाला तिथल्या बाजारात परकं वाटतच नाही. आईने पोर्ट एलिझाबेथच्या भाजीबाजारात पाय ठेवला आणि म्हणाली, "अगं हा तर नीरफणस!" खरंच तोच, तिथे ब्रेडफ्रूट म्हणतात, ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ताहितीहून सेंट व्हिन्सेंटला आणला. कॅलालू म्हणून पालेभाजी मिळते ती चक्क अळू. दोन दिवस आमच्याकडे नीरफणसाची कापं आणि अळूचं फदफदं झालं. डाळ, पोहे, मसाला, चिंच घरून पाकीटबंद न्या, ताजी फळं-भाज्या नेऊ नका, कस्टमला अडवतात. बाजारात विक्रेते मागे लागतात, हसून बोला, भाव विचारा, रागवायचं काही नाही. किराणा बोटीने येतो म्हणून महाग, आणि रविवारी दुकानं जवळपास बंद, शनिवारीच भरून ठेवा.

७. बुक करायच्या आधी मालकाला विचारायचे प्रश्न

मी हे आता कॉपी करून सगळ्यांना पाठवते:

- पाणी कुठून येतं? बेक्वेसारख्या बेटांवर छपराच्या पन्हाळीतून पावसाचं पाणी टाकीत साठवतात, तेच वर्षभर. टाकी केवढी, फेब्रुवारी-मार्चमध्ये पुरतं का, आणि लाइट गेली की पंप बंद पडून नळ बंद होतात का.
- पंखा आहे का एसी? एसीचं बिल वेगळं का?
- मच्छरदाणी, खिडक्यांना जाळी?
- शेजारी बार, चर्च, कोंबडे, जनरेटर? शुक्रवार-शनिवार रात्री गाणी किती वाजेपर्यंत? (जेट्टीच्या जवळ राहाल तर हे विचाराच.)
- पोहता येईल असा बीच किती लांब, आणि आज तिथे शेवाळ आहे का?
- जेट्टीवरून घ्यायला कोण येणार? बेक्वेला पिकअपच्या मागे बाकं टाकलेल्या टॅक्स्या असतात, धक्क्याजवळ बदामाच्या झाडाखाली उभ्या असतात, आई चढू शकेल का तेही बघा.
- सांगितलेल्या भाड्यात टॅक्स, सर्व्हिस चार्ज, साफसफाई धरलीय का?
- फेरी रद्द झाली तर एक रात्र पुढे-मागे कराल का? वादळ आलं तर पैसे परत की तारीख बदल?

शेवटचा प्रश्न लेखी उत्तरासकट ठेवा. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गर्दीचा आणि महाग सीझन, मला एप्रिलअखेर ते मे हा काळ भाड्याच्या दृष्टीने चांगला वाटतो.

उत्तर एका दिवसात आलं, नीट आलं, तर ती जागा निम्मी पसंत. पहिल्या वेळच्या त्या घराच्या मालकाने पायऱ्यांबद्दल विचारल्यावर नुसता हसरा इमोजी पाठवला होता, तिथेच थांबायला हवं होतं.

८. "डॉलर" म्हणजे कुठला डॉलर

तिथे ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो, १ अमेरिकन डॉलरला २.७० ईसी असा बांधलेला दर आहे. टॅक्सीवाला "फिफ्टी डॉलर्स" म्हणाला तर ते ५० ईसी असू शकतात, म्हणजे साडेअठरा अमेरिकन, किंवा खरोखरचे ५० अमेरिकन. बसायच्या आधी "ईसी का यूएस" विचारायचंच, गेस्टहाउसच्या भाड्याला पण. अमेरिकन नोटा सगळीकडे घेतात, सुट्टे ईसीमध्ये मिळतात. लहान जागांत कार्ड चालत नाही. मायरोला जाणार असाल तर रोख आधीच काढून घ्या.

९. बरोबर काय काय

कागदपत्रं: पासपोर्ट (६ महिने तरी शिल्लक), परतीचं तिकीट, पहिल्या मुक्कामाचा पत्ता आणि मालकाचा फोन नंबर (इमिग्रेशनला विचारतात), ट्रान्झिट व्हिसा लागत असेल तर तो, ट्रॅव्हल इन्शुरन्स ज्यात बोटीने किंवा विमानाने दुसऱ्या बेटावर दवाखान्यात हलवायचा खर्च धरलाय. सगळ्याची कागदावर प्रिंट, फोन समुद्रात पडतो.

सामान: ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचा अॅडाप्टर (व्होल्टेज आपल्या भारतासारखं २३० च्या आसपास, म्हणून अमेरिकेहून ११० वाला हेअर ड्रायर नेऊ नका), टॉर्च, डासांचं क्रीम, ओआरएस, पाण्यातले बूट. संध्याकाळी सहाच्या आसपास सूर्य गेला की पटकन काळोख होतो, चेन्नईच्याच अक्षांशावर आहे ते सगळं, आणि रस्त्यांवर दिवे कमी. मिलिटरी छापाचे कपडे अजिबात नेऊ नका, मुलांचे सुद्धा, तिकडे कायद्याने बंदी आहे. गावात स्विमसूटवर फिरू नका, लोकांना आवडत नाही.

बीचवर मँचिनीलचं झाड ओळखून ठेवा, हिरव्या लहान सफरचंदासारखी फळं, खोडावर बऱ्याचदा लाल पट्टा रंगवलेला असतो. आपल्या बिब्ब्यासारखा नुसता हाताला लागला तरी फोड येतील असा चीक, आणि फळ तर विषारी. पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहू नका, आणि जागेच्या आवारात आहे का ते लहान मूल असेल तर पहिल्याच दिवशी विचारा.

पत्ता म्हणून घर नंबर शोधत बसू नका, बऱ्याच ठिकाणी तो नसतोच. टॅक्सीवाल्याला मालकाचं नाव आणि जवळचा बीच सांगितला की तो बरोबर दारात नेऊन सोडतो, फक्त नाव कागदावर लिहून खिशात ठेवा.